एका शब्दाची चार घरे

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत परदेशी गेलेल्या मुलानातवंडांच्या गोष्टी हमखास निघतात. गेल्या वर्षी अशाच एका बैठकीत एक भगिनी म्हणाल्या, “आमच्या मुलाने इंग्लंडात घराच्या मागच्या बाजूला कन्झर्व्हेटरी बांधून घेतली.” लगेच दुसऱ्या म्हणाल्या, “आमची नात अमेरिकेत कन्झर्व्हेटरीत शिकते. पियानो हा तिचा मुख्य विषय.” पहिल्या बाईंना वाटले, पियानो काचेच्या खोलीत बसवून शिकवतात की काय! दुसऱ्यांना वाटले, मुलाने घरामागे गायनशाळाच काढली. पुष्कळ हशा झाला, चहा आला आणि विषय मागे पडला. परंतु शब्दांच्या मागे लागण्याची मला जुनी खोड आहे. घरी गेल्यावर कोश उघडला, इतिहासाची पुस्तके चाळली, आणि ह्या एका शब्दाने मला नेपल्स, व्हेनिस, पॅरिस आणि इंग्लंड असा फार लांबचा प्रवास घडवला. त्या प्रवासाची हकीगत भगिनींपुढे ठेवीत आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘कॉन्सेर्वारे’ म्हणजे सांभाळून ठेवणे. ह्या एका धातूचा गोतावळा मोठा आहे. जुने ते टिकवू पाहणारा तो कॉन्झर्व्हेटिव्ह. साखरेत मुरवून टिकवलेले फळ, म्हणजे आपला मुरांबा, त्यास इंग्रजीत कॉन्झर्व्ह म्हणतात. जंगले राखणारा अधिकारी तो कॉन्झर्व्हेटर. मुंबई इलाख्यात ही जागा १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस मिळाली. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी वनस्पतिबाग त्यांच्याच देखरेखीखाली होती. नगरपालिकांच्या जुन्या कागदांत सफाईच्या खात्यासही ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हटलेले आढळते. मुरांब्यापासून झाडूपर्यंत एकच कुळी!

येथे आपल्या मराठीची श्रीमंती लक्षात येते. वरच्या साऱ्या गोतावळ्याचे एका लॅटिन क्रियापदावर भागते. आपण मात्र मूल सांभाळतो, शेत राखतो, दागिना जपतो, जुना कागद जतन करतो आणि विद्या किंवा वेल जोपासतो. ह्या पाचांचा अर्थ एक नाही. जतन केलेला कागद आहे तेवढाच राहतो, जोपासलेला वेल मात्र वाढतो. हा फरक मनात धरून आपण कन्झर्व्हेटरी ह्या शब्दाची घरे पाहू.

पहिले घर अनाथांचे. इटलीतील नेपल्स हे १६ व्या शतकात स्पेनच्या राजाच्या अमलाखालचे फार मोठे आणि फार गर्दीचे शहर होते. रस्त्यांवर बेवारस मुले हिंडत. त्यांना अन्न, वस्त्र आणि एखादा हातचा धंदा मिळावा म्हणून १५३७ ते १५८९ ह्या काळात तेथे मुलांसाठी चार आश्रम निघाले. पहिला सांता मारिया दि लोरेतो. त्यानंतर सांत ओनोफ्रिओ, पिएता देई तुर्किनी आणि पोव्हेरी दि जेसू क्रिस्तो हे तीन. अशा आश्रमास इटालियन भाषेत ‘कॉन्सेर्वातोरिओ’ म्हणत. म्हणजे शब्दशः सांभाळ-घर. संगीताचा आणि ह्या नावाचा आरंभी काही संबंध नव्हता. मुले सुतारकी, शिवणकाम असे धंदे शिकत.

मग संगीत आले कोठून? आले ते खर्चाच्या तोंडमिळवणीतून. देवळातील उत्सव, मिरवणुका, अंत्ययात्रा ह्यांत गाण्यासाठी मुले पाठवली की आश्रमास बिदागी मिळे. लहान मूल दगावले तर ह्या मुलांना देवदूतांचे कपडे घालून त्याच्या अंत्ययात्रेत गावयास लावीत. स्वतःचे आईबाप गमावलेली मुले दुसऱ्यांच्या दुःखात गाऊन आपली भाकरी मिळवीत, हे वाचताना मन कालवते. पण बिदागी वाढली तशी शिकवणीही वाढली. १७ व्या शतकात चांगले गुरू नेमले गेले, आणि पुढे तर फी देऊन शिकणारे विद्यार्थीही दाखल होऊ लागले. अल्पायुषी पण अमर झालेला संगीतकार पेर्गोलेझी पोव्हेरी दि जेसू क्रिस्तो ह्या आश्रमात शिकला. चिमारोसा हा एका गवंड्याचा मुलगा. वडील वारले आणि तो लोरेतोच्या आश्रमात आला. पुढे त्याच्या संगीतिका युरोपभर गाजल्या.

१७७० साली चार्ल्स बर्नी नावाचा इंग्रज संगीतज्ञ सांत ओनोफ्रिओच्या आश्रमात गेला होता. त्याने केलेले वर्णन मोठे बोलके आहे. एका जिन्यावर एक मुलगा तुतारी फुंकतो आहे, वरच्या जिन्यावर दुसरा शिंग वाजवतो आहे, आणि मोठ्या दालनात सात-आठ हार्प्सिकॉर्ड, तितकीच किंवा जास्त व्हायोलिने आणि गाणारे गळे, प्रत्येकाचे गाणे वेगळे! मुलांच्या खाटाच बाकांचे काम देत. हिवाळ्यात पहाटेच्या दोन तास आधी उठायचे आणि जेवणाचा दीड तास सोडला तर रात्री आठपर्यंत रियाज चालायचा. आपल्याकडील जुन्या गुरुगृहांची आठवण व्हावी असेच हे कष्ट होते.

पण ह्या घराची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. मुलाचा कोवळा आवाज वयात आल्यावर फुटतो. तो फुटू नये, तसाच राहावा, म्हणून कित्येक मुलांवर लहानपणीच शस्त्रक्रिया करून त्यांचे पुरुषत्व नाहीसे करीत. ह्या मुलांना सर्दी होऊ नये म्हणून वरच्या मजल्यावर, उबदार खोल्यांत वेगळे ठेवीत, असे बर्नीच लिहितो. आवाज टिकवला, माणूस मोडला. सांभाळणे ह्या शब्दाच्या आड काय काय लपू शकते, त्याचे हे भयंकर उदाहरण होय.

मुलींची हकीगत व्हेनिसला घडली. तेथे चार ‘ओस्पेदाले’ म्हणजे धर्मादाय आश्रम होते. बर्नीने त्यांसही कॉन्सेर्वातोरिओच म्हटले आहे. त्यांतला पिएता हा १४ व्या शतकातला, टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी काढलेला. भिंतीत एक कोनाडा असे. कोणी दुर्दैवी आई तेथे मूल ठेवून निघून जाई. कधी मुलाच्या अंगावर अर्धे कापलेले पदक असे. पुढे केव्हा तरी उरलेला अर्धा भाग घेऊन परत येता येईल, ही आशा. मुलगे मोठे झाले की धंद्याला लागत. मुली आतच राहत. त्यांतल्या बहुतेक शिवणे, लेस विणणे असली कामे करीत. निवडक मुलींना संगीत शिकवीत. त्यांना ‘फिल्ये दि कोरो’, म्हणजे गायनवृंदाच्या लेकी, म्हणत.

ह्याच पिएतामध्ये १७०३ साली आंतोनिओ विवाल्दी हा तरुण धर्मगुरू व्हायोलिनचा शिक्षक म्हणून आला. जगभर वाजवल्या जाणाऱ्या त्याच्या कित्येक रचना ह्या मुलींसाठी झालेल्या आहेत. त्या काळी स्त्रिया सहसा न वाजवीत अशी वाद्येही त्या वाजवीत. आडनाव कोणालाच नव्हते. वाद्यावरून नाव पडे. आन्ना मारिया ही अशीच टाकून दिलेली पोर. ‘आन्ना मारिया दाल व्हियोलिन’, म्हणजे व्हायोलिनवाली आन्ना मारिया, ह्या नावाने ती प्रसिद्ध झाली. विवाल्दीने तिच्यासाठी रचना केल्या. ती शिकली, पुढे शिकवू लागली, आणि १७८२ साली वयाच्या ऐंशीच्या पुढे तेथेच वारली.

ह्या मुली सज्जातल्या जाळीआडून गात. लोकांना सूर ऐकू येत, चेहरे दिसत नसत. फ्रेंच विचारवंत रूसो १७४३ च्या सुमारास व्हेनिसला होता. त्याने मेंदिकांती नावाच्या दुसऱ्या आश्रमातले गाणे ऐकले आणि गाणाऱ्या मुली अप्सराच असतील अशी कल्पना केली. भेट घडली तेव्हा कोणी एका डोळ्याची, कोणाच्या तोंडावर देवीचे व्रण. परंतु निघताना आपण त्या सर्वांवर लुब्ध झालो होतो, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

मुलीचे लग्न ठरले तर आश्रम हुंडा देई. पण लग्नानंतर जाहीरपणे गाणार-वाजवणार नाही असे वचन तिच्याकडून घेतले जाई. वीस वर्षे जोपासलेली विद्या एका सहीनिशी कपाटात! तरी एक दार कसे उघडले ते पाहा. माद्दालेना लोंबार्दिनी ही गरीब झालेल्या घरातली मुलगी १७५३ साली मेंदिकांतीत आली. तिची तयारी पाहून थोर व्हायोलिनवादक तार्तिनी ह्याने तिला शिकवले. १७६० साली त्याने तिला व्हायोलिनचा गज कसा चालवावा हे समजावणारे पत्र लिहिले. ते पत्र पुढे छापले गेले आणि कित्येक पिढ्यांचे क्रमिक पुस्तकच ठरले. लोंबार्दिनीने सिर्मेन नावाच्या व्हायोलिनवादकाशी लग्न केले आणि ती बाहेर पडली. पॅरिसला वाजवले, लंडनला वाजवले, स्वतःच्या रचना छापल्या. जाळीआडची विद्या चेहऱ्यासह लोकांपुढे उभी राहिली.

१७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक मोडले आणि हे आश्रम मागे पडले. नेपल्सचे आश्रमही १९ व्या शतकाच्या आरंभी एका संस्थेत विलीन झाले. ती सान पिएत्रो आ मायेल्ला येथे अजून नांदते आहे. जुने घर गेले, पण शब्द टिकला.

दुसरे घर पॅरिसचे. फ्रेंच राज्यक्रांतीने चर्चच्या गायनशाळा बंद पाडल्या, आणि राष्ट्राच्या समारंभांसाठी वादक तर हवे होते. म्हणून १७९५ साली सरकारने संगीताची शाळा काढली आणि तिला ‘कॉन्झर्व्हात्वार’ हे नाव दिले. अनाथपणाचा अर्थ गळाला, संगीताचा उरला. मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश होता, जरी वर्ग वेगळे आणि काही विषय मुलींना बराच काळ बंद होते. पॅरिसचा कित्ता मग सर्वांनी गिरवला. १८०८ साली मिलान, १८११ साली प्राग, १८४३ साली मेंडेल्सनच्या पुढाकाराने लाइपझिग, १८६२ साली सेंट पीटर्सबर्ग. अमेरिकेत बॉस्टनची संस्था १८६७ ची. आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला संस्था काढली, तिला महाविद्यालय म्हटले, म्हणजे विद्येचे मोठे घर. तिकडे नावात सांभाळ आहे, इकडे विद्या आहे.

ह्या पॅरिसच्या संस्थेत १८४२ साली लुईझ फारांक ह्या बाई पियानोच्या प्राध्यापिका झाल्या. स्वतः उत्तम रचनाकार. पण त्याच कामाबद्दल पुरुष प्राध्यापकांना मिळे त्याहून त्यांना पगार कमी. आठ वर्षे हे असेच चालले. १८५० साली नऊ वाद्यांसाठी त्यांनी केलेली रचना फार गाजली. त्या यशाच्या बळावर त्यांनी समान वेतन मागितले आणि मिळवले. आपल्या मंडळातील नोकरी केलेल्या भगिनींना ह्या हकीगतीचे वेगळे स्पष्टीकरण द्यावयास नको.

तिसरे घर यंत्रांचे. संगीताच्या शाळेच्या एकच वर्ष आधी, १७९४ साली, त्याच पॅरिसमध्ये ॲबे ग्रेग्वार ह्यांच्या प्रस्तावावरून कला आणि धंद्यांचे कॉन्झर्व्हात्वार निघाले. येथे सांभाळायची होती ती यंत्रे, नमुने, अवजारे. परंतु नुसती मांडून ठेवायची नव्हती. ती कशी चालतात हे कारागिरांना समजावून देणारी माणसे नेमावीत, अशी योजना होती. तेथे वोकान्सन ह्या यंत्रज्ञाचा जुना माग पडून होता. लियाँचा विणकर जॅकार्ड ह्याला तो पाहावयास मिळाला, आणि त्यातून व इतरांच्या प्रयत्नांतून त्याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा नवा माग सिद्ध केला. आजही आपल्या साड्यांच्या काठापदरांची नक्षी विणताना मागावर ‘जॅकार्ड’ बसवतात. दोनशे वर्षांपूर्वी एका सांभाळ-घरातून बाहेर पडलेली युक्ती आपल्या अंगावरच्या शालूपर्यंत पोचली आहे.

चौथे घर काचेचे. इंग्लंडात हा शब्द १७ व्या शतकातच झाडांच्या घरासाठी रूढ झाला होता. संत्री, लिंबे अशी उबदार देशांतली झाडे श्रीमंत लोक कुंड्यांत लावीत आणि हिवाळ्यात आत ठेवीत. ते घर म्हणजे कन्झर्व्हेटरी. म्हणूनच इंग्रजांनी संगीतशाळेसाठी पुष्कळदा फ्रेंच रूप वापरले, किंवा लंडनच्या १८२२ सालच्या संस्थेप्रमाणे ॲकॅडमी म्हटले. अमेरिकेत दोन्ही अर्थ एकाच शब्दावर सुखाने नांदतात. आमच्या बैठकीतला घोटाळा झाला तो ह्यामुळे.

आरंभी ह्या घरांना काच कमी आणि भिंती जास्त असत. इंग्लंडात १७४६ पासून काचेवर कर होता. तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. आधी सरदारांच्या बागेत असणारे काचघर हळूहळू मध्यम स्थितीतल्या घरांपर्यंत आले. आज तेथे घरामागे काचेची खोली करून तीत खुर्च्या मांडतात आणि झाडांऐवजी माणसेच उन्हाला बसतात.

सरदारी काचघरांत सर्वांत गाजले ते डर्बीशायरमधील चॅट्सवर्थचे. ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या पदरी जोसेफ पॅक्स्टन हा माळी होता. त्याने १८३६ ते १८४० ह्या काळात २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद असे लाकूड, लोखंड आणि काचेचे मंदिरच उभारले. राणी व्हिक्टोरिया १८४३ साली त्यातून घोडागाडीत बसून फिरली. खाली आठ भट्ट्या, मैलोगणती नळ आणि कोळसा आणण्यासाठी भुयारी मार्ग. पुढे १८५१ सालचा लंडनचा स्फटिकमहाल ह्याच पॅक्स्टनने बांधला. बंगलोरच्या लालबागेतील १८८९ सालचे काचघर पाहिलेल्या भगिनींना ह्या रचनेची कल्पना येईल.

पण चॅट्सवर्थच्या त्या महालाचा शेवट ऐका. पहिले महायुद्ध सुरू झाले. कोळसा मिळेना, माणसे मिळेनात. भट्ट्या विझल्या आणि उष्ण देशांतून आणलेली झाडे थंडीने मेली. १९२० साली सुरुंग लावून ती इमारत पाडण्यात आली. ऐंशी वर्षांची जपणूक थोड्याच हिवाळ्यांत संपली.

त्याच बागेतील एका केळीची गोष्ट मात्र निराळी आहे. मोठे काचघर होण्याच्या आधीच पॅक्स्टनने तेथे एक ठेंगणी केळ वाढवली होती. १८३५ साली ती व्याली, तिला केळफूल आले. ड्यूकचे कुलनाम कॅव्हेंडिश, तेच तिला मिळाले. तिची रोपे मिशनऱ्यांनी पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर नेली, आणि तेथे ती उघड्या आभाळाखाली वाढली. आज जगाच्या बाजारातील बहुतेक केळी कॅव्हेंडिश गटातील आहेत. आपल्या जळगावकडची बसराई आणि हल्लीची जी-नाइन ही केळीही त्याच गटातली. जी झाडे काचेआडच राहिली ती कोळशाबरोबर संपली. जे रोप बाहेर पडले त्याचा वंश वाढला.

चारही घरे पाहून झाल्यावर मला हेच सूत्र दिसले. सांभाळणे ही पहिली पायरी. तिच्यावाचून नेपल्सचा पोर रस्त्यावर मेला असता आणि व्हेनिसची आन्ना मारिया कोनाड्यातच गारठली असती. त्या आश्रमांचे उपकार थोडे नव्हेत. परंतु सांभाळलेल्या वस्तूला, आणि माणसाला तर विशेषच, बाहेरची वाट राहिली पाहिजे. सांभाळ तेथेच थांबला की तो पिंजरा होतो. वाट मोकळी ठेवली की त्याची जोपासना होते.

जॉन एव्हलिन हा इंग्रज गृहस्थ १६८५ सालच्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी बाग पाहावयास गेला होता. तेथील काचघराची एक युक्ती त्याने आपल्या रोजनिशीत कौतुकाने नोंदली आहे. जमिनीखाली चूल होती आणि तिची ऊब विटांच्या कमानींतून वर येई. त्यामुळे कडक गारठ्यातही दारेखिडक्या उघड्या ठेवता येत, फक्त बर्फ आत येऊ द्यायचे नाही. खाली ऊब आणि वर उघडी दारे! मुलींना वाढवणाऱ्या कोणत्याही घराने ही युक्ती ध्यानात ठेवावी.

आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. त्या वहीत उतरवून घेण्याचे काम सुरू झाले आहे, ही आनंदाची गोष्ट. वही कपाटात जाईल आणि तिचे जतन होईल. पण एवढ्यावर थांबू नये, अशी माझी सूचना आहे. त्यांतल्या दहा ओव्या आपल्या मुलीसुनांनी आणि नातींनी चालीसह शिकाव्या, त्यांना हवे तर नव्या दहा जोडाव्या, आणि पुढल्या वर्धापनदिनी व्यासपीठावर येऊन म्हणाव्या. कार्यकारिणीने ह्या सूचनेचा विचार करावा, ही विनंती.